झिरो डेपवाली फर्स्ट पार्टी पॉलिसी: क्लेम करून झाल्यानंतरचा अनुभव

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण फर्स्ट पार्टी पॉलिसीचा (आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या विम्याचा) मूळ मजकूर सगळीकडे जवळपास सारखाच असतो आणि मला बोलायचंय ते त्याबद्दलच. गाडी पेट्रोल हॅचबॅक, चौथं वर्ष चालू, पॉलिसी झिरो डेपसकट, म्हणजे क्लेममध्ये पार्टवर घसारा न कापणारं ॲडऑन घेतलेली. राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला आणि ऑफिस ऐरोलीला, म्हणजे गाडीचं काय होत असेल ते इकडच्या लोकांना सांगायला नको.

पावसाळ्याच्या आधी पाटलीपाड्याला ट्रॅफिकमध्ये उभा होतो, मागून टेम्पो आला आणि डिकीत घुसला. मी थांबलेलो, ब्रेक दाबलेला, चूक कोणाची यात वादच नाही. टेम्पोवाला म्हणाला साहेब मालक पगारातून कापेल, मी म्हटलं बघू, त्याच्या आरसीचा आणि पॉलिसीचा फोटो काढून घेतला. संध्याकाळी सोसायटीत ज्याचा त्याचा एकच सल्ला, त्याच्या इन्शुरन्सकडून वसूल कर, तू कशाला तुझा क्लेम टाकतोस.

ऐकायला बरोबर वाटतं. पण त्याच्या थर्ड पार्टीतून (दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या विम्यातून) घ्यायचं म्हणजे पोलीस रिपोर्ट, मग मोटार अपघात न्यायाधिकरण, वकील, तारखा. एका बंपरसाठी कोण करतं ओ? म्हणून सगळे शेवटी आपल्याच ओडीत म्हणजे ओन डॅमेजमध्ये क्लेम टाकतात, आणि ओडीची गंमत ही की तिथे चूक कोणाची हे तुमचे पैसे ठरवताना बघितलंच जात नाही. मी स्वतः रिव्हर्स घेताना खांबाला ठोकली असती तरी हाच क्लेम, हाच हिशोब. लायसन्स व्हॅलिड आहे का, दारू प्यायलेला नव्हता ना, खासगी गाडी भाड्याने चालवत नव्हता ना, एवढं मात्र नीट तपासतात.

क्लेमचा भाग सुरळीत गेला, तक्रार नाही. नुकसान पन्नास हजारांच्या खाली होतं त्यामुळे लायसन्सवाला सर्व्हेयर सक्तीचा नाही, गॅरेजवाल्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं आणि मंजूर झालं. झिरो डेप इथे कामाला आला. तो नसता तर प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर सरळ ५० टक्के घसारा, म्हणजे बंपरचे अर्धे पैसे माझे, डिकीच्या पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे २५ टक्के, काचेवर तेवढा शून्य. मला भरावे लागले ते १,००० रुपये, जे १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये कापतातच (त्यावर २,०००), आणि क्लिपा, नटबोल्ट, सीलंट असलं किरकोळ, कारण कन्झ्युमेबल्सचं ॲडऑन वेगळं असतं. एजंट लोक झिरो डेप म्हणजे एक रुपया लागणार नाही असं सांगतात ते सोडून द्या.

राग येतो तो एनसीबीचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडीच्या प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीचा. तीन वर्षं क्लेम नाही म्हणून ३५ टक्के मिळत होते, यंदा ४५ झाले असते. आता शून्य. चूक माझी नाही हे कंपनीलाही मान्य, पण एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस, चूक नसल्याचा बोनस नाही, क्लेम केला की गेला. ओडीचा मूळ प्रीमियम समजा १०,००० असेल तर पुढच्या वर्षी ४,५०० जास्त, आणि नंतर पुन्हा २०, २५ करत वर चढायचं. त्यामुळे तीन-चार हजारांचा ओरखडा असेल तर खिशातून करून टाका, क्लेमच्या नादी लागू नका.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली. मागच्या सीटवर आई होती. मानेला झटका बसला, फ्रॅक्चर वगैरे नाही, पण एक्सरे, कॉलर, बरेच दिवस फिजिओ. पॉलिसीत १५ लाखांचा पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर आहे ना? तो फक्त मालक-चालकाचा, आणि मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. मेडिक्लेममध्ये ओपीडी नाही. म्हणजे पत्र्याचा खर्च निघाला आणि माणसाचा नाही.

चुलतभाऊ डेट्रॉइटजवळ असतो, त्याला हे सांगितलं तर तो हसलाच, कारण मिशिगनमध्ये बरोब्बर उलटं आहे. तिथे १९७३ पासून नो-फॉल्ट आहे, ॲक्सिडेंट कोणीही करो, दवाखान्याचं बिल आपलीच कंपनी देते, बुडालेल्या पगाराचे ८५ टक्के तीन वर्षांपर्यंत देते. आधी उपचाराला मर्यादाच नव्हती, २०२० पासून किती कव्हर पाहिजे ते निवडता येतं. पण गाडीचं काय, तर वेगळं कोलिजन कव्हर (आपल्या ओडीसारखं) घेतलं नसेल तर मागून ठोकणाऱ्याकडून जास्तीत जास्त ३,००० डॉलर, बाकी आपलं आपण. नाव नो-फॉल्ट म्हणून सगळं फुकट असं काही नाही.

आपल्याकडेही चूक सिद्ध न करता पैसे मिळायची सोय आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १६४, एप्रिल २०२२ पासून मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण मानेचा झटका त्यात बसत नाही. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना पण आहे, अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार, ठरलेल्या हॉस्पिटलात. आईला ॲडमिटच करावं लागलं नाही, त्यामुळे त्याचा अनुभव नाही.

गाडी पाच वर्षांची होईपर्यंत झिरो डेप ठेवणार, पैसे वसूल आहेत. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी एनसीबी टिकवणारं ॲडऑन) आत्ता घेऊन उपयोग नाही, प्रोटेक्ट करायला शिल्लकच काही नाही, पुन्हा थोडा जमला की बघू. प्रवाशांचा पीए घेणार, स्वस्त असतो, फक्त त्यातही फिजिओ निघत नाही हे माहीत असू द्या. आणि रिन्यूअलचा कोट मागाल तेव्हा ओडी आणि टीपी (थर्ड पार्टी) वेगळं लिहून मागा, टीपीचा रेट सरकार ठरवतं, घासाघीस करायची ती ओडीत.