जुनी गाडी लीजवर: चौदा महिन्यांनंतरचा हिशेब

चौदा महिन्यांपूर्वी तीन वर्षं जुनी हॅचबॅक 24 महिन्यांच्या लीजवर घेतली, म्हणजे मालकी लीजवाल्या कंपनीची, मी दरमहा हप्ता भरून वापरायची आणि मुदत संपली की परत द्यायची. तेव्हा रीडिंग 38 हजार किलोमीटर होतं, आज साडेपंचावन्न हजार आहे. गाडी म्हणून तक्रार नाही. मायलेज ठीक, पिकअप बेताचा, मागे तिघं बसले की चढावर गिअर खाली आणावा लागतो. लिहायचंय ते व्यवहाराबद्दल, कारण घेताना मी केलेला हिशेब अर्धाच होता.

माझा तर्क साधा होता. नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांतच सगळ्यात जास्त पडते आणि तो फटका आधीच्या मालकाने खाल्लेला असतो. लीजमध्ये आपण मुख्यतः घसाराच भरतो, म्हणजे त्या मुदतीत गाडीची किंमत जेवढी उतरते तेवढी. घसारा निम्मा, तर हप्ताही निम्मा. तो निम्मा आला नाही, आणि का आला नाही हे मला सही केल्यावर दोन महिन्यांनी कळलं. भारीच हुशारी.

हप्त्याचे दोन तुकडे असतात. एक घसाऱ्याचा: आजची किंमत वजा मुदतीनंतरची ठरवलेली किंमत, भागिले महिने. दुसरा व्याजाचा, आणि गंमत इथे आहे. व्याज फक्त घसाऱ्यावर लागत नाही. गाडीत लीजवाल्याचे जेवढे पैसे अडकलेत त्या सगळ्यांवर लागतं. माझ्या करारात टक्के कुठेच लिहिलेले नव्हते, 0.005 एवढाच ‘मनी फॅक्टर’ होता, म्हणजे व्याजदर लिहायची लीजवाल्यांची रीत. आकडा किरकोळ वाटतो. त्याला 2400 ने गुणा, वर्षाचे 12 टक्के होतात. नव्या गाडीला हाच दर 9 टक्के, म्हणजे मनी फॅक्टर 0.00375, सांगितला होता. जुन्या गाडीला दर चढाच असतो.

आता समजा नव्या गाडीची किंमत 100. दोन वर्षांनी ती 72 ची, तीन वर्षांनी 60 ची, पाच वर्षांनी 46 ची. माझ्या करारातली प्रमाणं याच्या जवळपास होती. नवी गाडी दोन वर्षं घेतली तर घसारा 28, म्हणजे महिन्याला 1.17. व्याजाचा महिन्याचा भाग म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या किमतीची बेरीज गुणिले मनी फॅक्टर: 100 आणि 72 ची बेरीज गुणिले 0.00375, म्हणजे 0.65. एकूण 1.82. जुनीचा घसारा 14, महिन्याला 0.58. व्याज 60 आणि 46 ची बेरीज गुणिले 0.005, म्हणजे 0.53. एकूण 1.11.

आता 1.11 ला 1.82 ने भागा. 61 टक्के. आणि गाडीची किंमत नवीच्या 60 टक्के. म्हणजे कमी घसाऱ्याचा फायदा व्याजाने पुरता खाल्ला. स्वस्त गाडीचा हप्ता स्वस्त, एवढंच झालं.

धाकट्या भावाने तेव्हाच बजावलं होतं, ‘‘ताई, लीजच घ्यायची तर नवी घे, जुनी आवडत असेल तर कर्ज काढून विकत घे. ही अधलीमधली भानगड नको.’’ मी त्याचं ऐकलं नाही, कारण कर्जाचा हप्ता बघून पोटात गोळा आला होता. तीच 60 ची गाडी 12 टक्क्यांनी दोन वर्षांच्या कर्जावर घेतली तर महिन्याला 2.82, लीजच्या अडीच पट. पण कर्जात मुद्दल भराभर उतरतं, म्हणून दोन वर्षांचं व्याज 7.8 होतं. लीजचं 12.7. आणि कर्ज फिटल्यावर 46 ची गाडी दारात उभी असते. हे खरं असलं तरी त्या वर्षी माझ्या हातात दरमहा 2.82 नव्हते. लीजचा खरा उपयोग तिथे झाला. तो नाकारत नाही, फक्त त्याला बचत म्हणू नका.

ताबा घेतानाची एक गोष्ट मात्र बरी केली. टायरशेजारी उकिडवी बसून मोबाइलच्या टॉर्चमध्ये बाजूवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन टायरवर 3421, चौथ्यावर 0823. एकच टायर मधेच का बदलला? विचारल्यावर समोरचा माणूस कागद चाळू लागला. चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे ती सरळ रेषेत आहेत का, ते तपासून द्या, त्याशिवाय सही नाही, असं सांगितलं. तपासणीत चाक खरंच तिरकं निघालं आणि ते त्यांच्या खर्चाने सरळ झालं. त्याच वेळी मागच्या बंपरवरच्या ओरखड्याचा फोटो शेजारी नाणं धरून काढला आणि ताबापत्रावर लिहून घेतला. नाहीतर परत देताना तो माझ्या नावावर चढला असता.

सातव्या महिन्यात क्लच घसरायला लागला. इंजिनचा आवाज वाढतो, गाडी मात्र वेग घेत नाही. कंपनीची वॉरंटी तोवर संपलेली. मी निर्धास्त होते की गाडी त्यांची, दुरुस्तीही त्यांची. करार उघडला तर क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, वायपर हे सगळं ‘झिजणारे भाग’ म्हणून माझ्याकडे. चार हप्त्यांएवढं बिल झालं. नव्या गाडीच्या दोन वर्षांच्या लीजमध्ये यातलं बहुतेक काही बदलायची वेळच येत नाही. जुन्या गाडीचं हेच वय असतं झिजायचं. मालक म्हणून क्लच बदलला असता तर पुढची तीन-चार वर्षं तो मीच वापरला असता. इथे दहा महिन्यांनी दुसरा कुणीतरी वापरेल.

किलोमीटरचंही तेच. करार महिन्याला एक हजाराचा, माझी धाव साडेबाराशेची. साडेतीन हजार किलोमीटर आधीच जास्त झालेत. जादा किलोमीटर सुरुवातीलाच मागून घेतले असते तर दर कमी होता. शेवटी मोजणारा दर जवळपास दुप्पट आहे. मधेच गाडी परत करू का म्हणून नवव्या महिन्यात विचारलं, तर उरलेले जवळजवळ सगळे हप्ते मागितले. फोन ठेवला.

एक बाजू खरंच चांगली आहे. मुदतीनंतर ठरलेल्या किमतीला गाडी ठेवून घ्यायची मुभा माझ्या करारात आहे. बाजारभाव त्याखाली गेला तर किल्ली द्यायची, वर गेला तर गाडी घ्यायची. 2021 मध्ये चिपच्या टंचाईने बऱ्याच देशांत जुन्या गाड्या महागल्या, तेव्हा अशी मुभा असलेल्यांची चांदी झाली होती. ही मुभा करारात नसेल तर जुन्या गाडीची लीज मी कुणालाच सुचवणार नाही. आणि झिजणारे भाग कोणाकडे, ही ओळ हप्त्याच्या आकड्याआधी वाचा.

परवा टायरच्या खाचांची खोली मोजली. पुढचे दोन्ही 3.4 मिलिमीटर. परत देताना 3 च्या खाली चालत नाही, आणि अजून दहा महिने आहेत. म्हणजे लीजवाल्याच्या गाडीला मी नवे टायर घालून ती त्याला परत करणार. भावाला अजून सांगितलेलं नाही.