आरसी बुकात एक इंजिन, बॉनेटखाली दुसरं: जुन्या पिकअपच्या इंजिनकामानंतरचे नऊ महिने

जानेवारीत, सोलापुरात गड्डा (सिद्धेश्वरांची यात्रा) भरला होता तेव्हा, माझ्या पिकअपचं इंजिन चेन कप्पीला लटकत होतं. आता ऑक्टोबर चालू आहे आणि त्यानंतर गाडी १४,२०० किलोमीटर पळाली आहे. काम एकच: अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलच्या गाठी उचलायच्या आणि तुळजापूर, बार्शी, पंढरपूरला टाकायच्या. एका फेरीला आठशे-नऊशे किलो. इंजिनाला एकूण ५२,४०० रुपये गेले आणि गाडी घेतली होती १,१०,००० ला. यावर घरी काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

गाडी महिंद्राची, नव्वदच्या दशकातली, एमएच १३ पासिंग. घेतली तेव्हाच धूर मारत होती. पण सगळ्याच जुन्या डिझेल गाड्या धूर मारतात अशी माझी समजूत होती. धुराचा रंग बघायचा असतो हे नंतर कळलं. काळा असेल तर डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी पडतेय, नोझल-पंप-एअर फिल्टरकडे बघायचं. गार इंजिनावर पांढरा धूर येऊन लगेच गेला तर फारसं काही नाही, पण गरम झाल्यावरही येत राहिला तर पाणी आत जातंय का ते तपासायचं. माझा निळसर होता, म्हणजे ऑईल जळत होतं. सातशे किलोमीटरला एक लिटर ऑईल ओतत होतो. ऑईलचं झाकण उघडलं की आतून फकफक वाफ यायची. तुळजापूरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर चढायचो आणि मागच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचा.

पहिली चूक माझीच. आरसी बुकात २११२ सीसी लिहिलं होतं. म्हणजे महिंद्रात असायचं ते फ्रेंच प्यूजोच्या बनावटीचं इंजिन, असं मी स्वतःच ठरवलं आणि मिस्त्रींना दाखवायच्या आधीच दुकानातून पॅकिंग किट, रिंगा आणि बेरिंग सेट घेऊन आलो. बचत करायला निघालो होतो. मिस्त्रींनी पाकीट फोडलं, हेड गॅस्केट हातात धरून इंजिनाकडे बघितलं, परत गॅस्केटकडे बघितलं आणि म्हणाले, "मालक, हे कुठल्या गाडीचं आणलंय?" पाकीट फोडलेलं असल्यामुळे दुकानदाराने काही परत घेतलं नाही. ४,३०० रुपये गेले. ते गॅस्केट अजून माझ्याकडे भिंतीला टांगलेलं आहे.

मग इंजिन नंबर शोधायला बसलो. गाडी घेताना मी फक्त चेसिस नंबर ताडून बघितला होता. इंजिन नंबर दिसतच नव्हता, त्यावर तेलकट मळाचा थर आणि वरून कुणीतरी चंदेरी रंग मारलेला. डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी, मग तारेचा ब्रश, मग परत चिंधी. शेवटी मिस्त्रींच्या पोराने शाळेतला पांढरा खडू आणून त्या जागेवर आडवा घासला आणि बोटाने वरचा पुसून टाकला. खोदलेल्या अक्षरांत खडू भरून राहिला आणि नंबर उठून दिसायला लागला. बुकातल्या नंबराशी त्याचा काही संबंध नव्हता. आधीच्या कुठल्यातरी मालकाने इंजिनच बदललं होतं.

नंबरवरून नक्की कळेना, म्हणून हेड उघडल्यावर माप घेतलं. इथे मी शिकलो ते सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखे बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजून मोकळे होणारे खूप असतील. प्यूजोच्या त्या इंजिनाचं नावच एक्सडीपी ४.९०: चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर. महिंद्राच्या २५२३ सीसी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनाचा बोअर ८८.९. फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यात लाइनर (सिलिंडरच्या आतली नळी) घासलेला, वरच्या काठाला कार्बनची कड आणि आमच्या हातात साधा व्हर्नियर. एकाने माप घेतलं तर ८९.२, दुसऱ्याने घेतलं तर ८९.६. यावरून काय ठरवणार?

स्ट्रोकला, म्हणजे पिस्टन वरून खाली जितका सरकतो त्या अंतराला, मात्र फसायला जागा नाही. प्यूजोचा ८३, डीआयचा १०१.६. घासून घासून लाइनर रुंद होतो, पण क्रँकची फेक बदलत नाही. मिस्त्रींनी पिस्टन पार वर आणला, ब्लॉकच्या तोंडावर सपाट पट्टी ठेवून खोली बघितली, मग क्रँक फिरवून पिस्टन पार खाली नेला आणि परत खोली बघितली. दोन्हींची वजाबाकी. त्यांची पट्टी इंचाची होती आणि माप बरोबर चारवर आलं. ना वर, ना खाली. १०१.६ म्हणजेच चार इंच आणि ८८.९ म्हणजे साडेतीन इंच. या डीआय इंजिनाचं घराणं मूळचं इंच-फुटात आखलेलं, इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या ट्रॅक्टरकडून आलेलं. ते ट्रॅक्टर महिंद्राने भागीदारीत १९६३ पासून इथे बनवायला घेतले होते. मिस्त्री म्हणाले, "प्यूजो नाही ओ हे, डीआय आहे. उगाच डोकं लावलालाव." पिस्टनच्या डोक्यात वाटीसारखा खड्डा होता, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर पडणारं डायरेक्ट इंजेक्शन. प्यूजोत ते आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटतं. दोन पुरावे झाले, तेव्हा कुठे नवीन सामानाची यादी लिहिली.

कागदाचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल केला की तो नोंदवून घ्यावा लागतो. नाहीतर अपघात झाल्यावर विम्याचा दावा अडकू शकतो, आणि जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला जावंच लागतं, तिथे कुणीतरी नंबर बघणारच. माझी नोंद झाली, पण ज्याने इंजिन बदललं त्याच्याकडून खरेदीचं बिल मिळवण्यात दीड महिना गेला. तुम्ही जुनी गाडी बघायला जाल तेव्हा खिशात खडू ठेवा आणि पैसे देण्याआधी नंबर घासून बघा.

आता मुख्य काम. हाफ इंजिन की फुल, यावर तीन दिवस वाद. हाफ म्हणजे लाइनर, पिस्टन, रिंगा आणि हेडचं काम, क्रँकला हात नाही. ते वीस-बावीस हजारांत बसलं असतं. पण क्रँकचे जर्नल (बेरिंग बसतात ते गोल भाग) मोजले तर दोन ठिकाणी अंडाकृती निघाले. नवीन पिस्टनचा जोर त्या ढिल्या बेरिंगांवर टाकला असता तर सहा महिन्यांत परत सगळं खोललं असतं. क्रँक दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून बारीक करून घेतला आणि त्याच मापाची बेरिंग बसवली. हेडला गाइड नवीन, वाल्वच्या सीट कापून घेतल्या. नोझल तपासून दोन बदलली, पंप कॅलिब्रेशनला दिला. पिस्टन-लाइनरचा सेट कंपनीचाच घेतला. बाजारात त्याच्या निम्म्या किमतीचेही मिळतात, पण इंजिन परत खोलायची मजुरी धरली की ती बचत उरत नाही.

एक प्रसंग मुद्दाम लिहितो. क्रँक लेथवरून आला तो आरशासारखा चकचकीत. मिस्त्रींनी लगेच बसवला नाही. जुन्या बनियनची पट्टी फाडली, तारेला गुंडाळली, रॉकेलमध्ये बुडवून क्रँकच्या ऑईलच्या भोकातून आरपार ओढली. बाहेर आली तेव्हा पट्टी राखाडी झालेली, उन्हात धरली तर त्यात बारीक चमकणारे कण. ग्राइंडिंगची ती पावडर नवीन बेरिंगांवर गेली असती तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच बेरिंग उडाली असती. पट्टी पांढरी निघेपर्यंत अकरा वेळा ओढली, मी मोजलं. लेथवाल्याला विचारलं तर म्हणाला, "धुऊनच दिलंय."

रनिंगबद्दल, म्हणजे नवीन बांधलेलं इंजिन सुरुवातीला कसं चालवायचं याबद्दल, माझं आणि मिस्त्रींचं जुळलं नाही. त्यांचं म्हणणं, रात्रभर आयडलवर चालू ठेवा, मग बाहेर काढा. बहुतेक गॅरेजमध्ये हेच सांगतात. मी ऐकलं नाही. नुसत्या आयडलवर रिंगांना लाइनरवर बसायला जोर मिळत नाही, उलट लाइनरला काचेसारखी झिलई येते आणि मग ऑईल जळत राहतं ते राहतंच. मी अर्धा तास चालवून गळती बघितली आणि सरळ होटगी रोडला काढली. रिकामी गाडी, नंतर चार-चार गाठी, वेग पन्नासच्या आत, पण सारखा कमी-जास्त. ५०० किलोमीटरला ऑईल बदललं, हेडचे नट परत आवळले, टॅपेट सेट केले. पहिलं ऑईल बाहेर आलं ते शाईसारखं.

रेडिएटर कुणी विसरू नका. आमच्याकडे बोअरवेलच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. माझ्या निम्म्या नळ्या बंद होत्या. रॉडिंग (नळ्यांत सळई घालून थर काढणं) करून घेतलं आणि आता तयार कूलंटच टाकतो, नळाला पाइप लावत नाही. आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट काढून टाकला होता, "सोलापूरच्या उन्हात कशाला?" म्हणून. मी परत बसवला. थर्मोस्टॅट नसलं की इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, आणि गार इंजिन जास्त घासतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या आसपास असताना भर दुपारी घाट चढलो, काटा मधल्या खुणेच्या जरा वर गेला आणि तिथेच थांबला.

निकाल असा. १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑईल, दर ५,००० किलोमीटरला बदल. मधल्या काळात वरून साधारण ३०० ते ४०० मिली टाकावं लागतं. ॲव्हरेज साडेनऊचं बारावर आलं. तुळजापूरचा घाट आता नऊशे किलो घेऊन तिसऱ्या गिअरवर. एवढं डिझेल आणि ऑईल वाचल्यावर पैसे कधी वसूल होतील याचा हिशेब मी एकदा मांडला होता. आकडा फार लांबचा आला म्हणून वही मिटली. खरा फायदा वेगळाच झाला. गाडी माल घेऊन रस्त्यात एकदाही उभी राहिली नाही. आधी महिन्याला दोनदा दुसऱ्याचा टेम्पो भाड्याने बोलवावा लागायचा.

तक्रारी आहेत. आवाज आहे तेवढाच आहे, केबिनमध्ये फोनवर बोलता येत नाही. जुनाच ऑईल पंप बसवला ही कंजुषी नडली. गरम आयडलला प्रेशर खाली यायला लागलं आणि मार्चमध्ये इंजिनाखालचं ऑईल चेंबर उतरवून तो बदलावा लागला, वरचे ३,१०० गेले. गिअरबॉक्स मूळचाच असल्याने पूर्वी कधी न जाणवलेलं बेरिंगचं गुणगुणणं आता ऐकू येतं. आणि ऑगस्टपासून मागचं क्रँक सील पाझरायला लागलंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवतो, सकाळी त्यावर रुपयाच्या नाण्याएवढा डाग. ते बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, म्हणजे दोन दिवस गाडी उभी. दिवाळीच्या तोंडावर ते जमणार नाही. मिस्त्रींना सांगून ठेवलंय, गड्डा संपला की करू. तोवर पुठ्ठा बदलतोय.