आठ महिने 'सैराट'ची गाणी ऐकल्यावर

'सैराट' 2016 साली आला तेव्हा सोलापुरात वरातीपासून विसर्जनापर्यंत 'झिंगाट'च वाजत होते आणि त्या दणदणाटाला कंटाळून बाकीची गाणी मी कधी नीट ऐकलीच नाहीत. गेल्या वर्षी बरा हेडफोन घेतला, तेव्हा अजय-अतुल यांची ही चार गाणी पहिल्यांदा शांतपणे लावली; त्याला आता आठ महिने झाले.

मी टॉवेल-चादरीच्या कारखान्यात हिशेब पाहतो. तिथे मोबाइलवर 'याड लागलं' लावले की मागांच्या खडखडाटात ताल आणि अजय गोगावले यांचा आवाज तेवढा तग धरतो, व्हायोलिनचा पत्ताही लागत नाही. तेच गाणे रात्री गच्चीवर हेडफोनमधून ऐकताना गाण्याच्या ओळीखालून तंतुवाद्यांचे वेगळेच स्वर सरकत असल्याचे जाणवते. आपल्याकडे सूर एकामागून एक उलगडतात, तर पाश्चात्त्य पद्धतीत ते एकावर एक रचले जातात. इथे चालीचे वळण इतके गावाकडचे आहे की एवढ्या रचनेखालीही ती दबत नाही. हा वाद्यवृंद लॉस एंजेलिस परिसरातील सोनी स्कोअरिंग स्टेजवर प्रत्यक्ष वादकांना बसवून ध्वनिमुद्रित केला आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या, करमाळ्याकडच्या पोरापोरींच्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे मला आधी वाटायचे. आता वाटते की विशीच्या आतल्या त्या पोराला स्वतःचे प्रेम जेवढे अफाट वाटते, त्याच मापाने हे संगीत बेतले आहे. मोठ्यांच्या मापाने बेतले असते तर पेटी-ढोलकीवरही भागले असते.

'आताच बया का बावरलं' श्रेया घोषाल यांनी हलक्या हाताने खुलवले आहे. 'सैराट झालं जी'बद्दल मात्र माझी तक्रार आहे. चिन्मयी श्रीपाद यांचा आवाज जरा एकटा ऐकावा म्हणावे, तोवर वाद्यवृंद पुन्हा भरून येतो. रोज ऐकणाऱ्याला ते जड होते.

गेल्या महिन्यात हेडफोनची डावी बाजू बंद पडली आणि 'याड लागलं'मधली वादकांची निम्मी बैठकच उठून गेल्यासारखी झाली. तो दुरुस्तीला टाकला आहे. तोवर कारखान्यात 'झिंगाट' लावतो. त्याचे एका कानाने काहीच बिघडत नाही.