पट्टीवर ५ टक्के, प्रत्यक्षात ४

आमच्या कारखान्यातील १००० केव्हीए, ११ केव्ही/४०० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा त्याचा अंतर्गत अडथळा, ५ टक्के आहे. त्याच्याशी समांतर जोडण्यासाठी तेवढ्याच क्षमतेचा, दुरुस्त केलेला दुसरा आम्ही एका विक्रेत्याकडून घेतला. त्याच्या नामपट्टीवर ५ टक्के होते आणि चाचणी अहवालातही नेमके ५.००. मोजलेला आकडा इतका गुळगुळीत क्वचितच येतो, हे तेव्हाच खटकायला हवे होते. टाकीचा रंग जुना आणि पट्टीचे रिव्हेट मात्र कोरे, हेही.

दोन्ही चालू केल्यावर नव्याच्या अँमीटरवर ९५० अँपिअर आणि जुन्याच्या ७६० दिसू लागले. विक्रेत्याने केबलच्या लांबीवर बोट ठेवले. मोजली तर ती सारखीच निघाली. मग तो नवा ट्रान्सफॉर्मर सोडवून, एलटीची (कमी दाबाच्या बाजूची) टोके तांब्याच्या जाड पट्टीने एकत्र बांधून, नॉर्मल म्हणजे मुख्य टॅपवर (टॅप म्हणजे व्होल्टेज जुळवण्यासाठी वाइंडिंगला दिलेले जोड) एचटीच्या (उच्च दाबाच्या) बाजूला ४०० व्होल्टचा थ्री फेज पुरवठा दिला. ५ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ३८ अँपिअर यायला हवे होते, आले ४८; म्हणजे इम्पीडन्स अवघा ४ टक्के.

यावर विक्रेता शांतपणे म्हणाला, "एकाच टक्क्याचा तर फरक आहे साहेब, स्टँडर्डमध्ये दहा टक्के चालतात." खरी लबाडी या वाक्यात होती. आयईसी ६००७६-१ या ट्रान्सफॉर्मरच्या आंतरराष्ट्रीय मानकात १० टक्क्यांखालील इम्पीडन्सला, मुख्य टॅपवर, दोन्ही बाजूंना दहा टक्के सूट आहे खरी, पण ती ठरलेल्या आकड्याच्या दहा टक्के, म्हणजे ४.५ ते ५.५. पाचाचे चार झाले की फरक २० टक्क्यांचा होतो.

भार इम्पीडन्सच्या व्यस्त प्रमाणात वाटला जात असल्याने नवा पूर्ण भरतो तेव्हा जुन्यावर ८०० केव्हीएच असतात, त्यामुळे २००० ऐवजी १८०० केव्हीएच हाती लागतात. शॉर्ट सर्किटचा प्रवाह तर जुन्याचा २८.९ आणि नव्याचा ३६.१ किलोअँपिअर, बेरीज ६५. शॉर्ट सर्किट तोडणाऱ्या आमच्या ब्रेकरची क्षमताही तेवढीच, म्हणजे जराही राखीव अंतर नाही.

चूक आमचीही होती. ऑर्डरमध्ये 'इम्पीडन्स ५ टक्के' एवढेच लिहिले होते. टॅप, सूट, पैसे देण्यापूर्वी आमच्यासमोर चाचणी, यांपैकी काही नाही. पंख्यांवर क्षमता वाढणाऱ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी तर कोणत्या एमव्हीएवरचा (१ एमव्हीए म्हणजे १००० केव्हीए) आकडा हेही लिहावे लागते, कारण १० एमव्हीएवरचे ८ टक्के १२.५ एमव्हीएवर १० होतात.

पैसे परत मिळाले नाहीत. दोन्ही ट्रान्सफॉर्मर आता बस कपलर (दोन्हींच्या बसबार जोडणारा स्विच) उघडा ठेवून वेगवेगळे चालवतो.