न्यूझीलंडला ताहर हंटला जायचंय? आमच्या गाइडचा सविस्तर रिव्ह्यू

मेलबर्नला येऊन ९ वर्षं झाली, त्यातली ६ वर्षं मी व्हिक्टोरियाच्या हाय कंट्रीत सांबर हंटिंग करतोय, गेम लायसन्स काढून, रीतसर. या जूनमध्ये पहिल्यांदाच देशाबाहेर शिकारीला गेलो, न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला, ५ दिवसांचा गाइडेड ताहर हंट. जायच्या आधी ८ महिने प्लॅनिंग चाललं होतं आणि तेव्हा मराठीत कुठेच काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितोय. गाइड सर्व्हिस नवरा-बायको दोघं मिळून चालवतात, साउथ आयलंडमधल्या टेकापो गावाच्या बाजूला, सीझनला मोजकीच माणसं घेतात आणि नाव ऑनलाइन टाकू नकोस असं त्यांनीच सांगितलंय, त्यामुळे नाव देत नाही. पण काय बघून निवडलं ते सगळं सांगतो.

आधी ताहरबद्दल, कारण "बिचाऱ्याला कशाला मारलंत" हे घरूनच ऐकून झालंय. हिमालयन ताहर म्हणजे आपल्या हिमालयातला रानबोकड. २०११ला आम्ही दोघं मित्र तुंगनाथला गेलो होतो, चोपत्याहून वर चढताना समोरच्या कड्यावर एक कळप दिसला, मित्राकडे दुर्बीण होती, अर्धा तास जागेवरून हललो नाही आम्ही. भारतात तो वन्यजीव कायद्याने पूर्ण संरक्षित आहे आणि तसाच राहायला हवा, तिथे कुणी बंदूक उचलली तर मी स्वतः तक्रार करीन. न्यूझीलंडची गोष्ट वेगळी आहे. तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही, तिथल्या डोंगरातल्या झाडोऱ्याला चरणाऱ्या जनावरांची सवयच नाही. १९०४ला इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ बेडफर्डच्या कळपातले ताहर आणून आओराकी माउंट कुकपाशी सोडले आणि खाणारा कुणी नसल्याने ते वाढतच गेले. १९९३च्या कंट्रोल प्लॅनमध्ये १०,०००ची कमाल मर्यादा ठरली, आणि आकडा वर गेला की डीओसी, म्हणजे तिथलं सरकारी निसर्गसंवर्धन खातं, हेलिकॉप्टरमधून कलिंग करतं, म्हणजे संख्या कमी करायला जनावरं मारतं. मारलेली जनावरं बहुतेक तिथेच डोंगरात पडून राहतात. त्यापेक्षा माणसाने पायी चढून एक म्हातारा नर घ्यावा आणि त्याचं मटण खावं हे मला जास्त बरोबर वाटतं, ज्यांना नाही वाटत त्यांच्याशी भांडण नाही.

आता निवड कशी केली. मी ३ ठिकाणी चौकशी केली. पहिल्याचा रिप्लाय तासाभरात, शंभर टक्के गॅरंटी, दीड दिवसात काम, हेलिकॉप्टरने जनावर शोधायचं आणि जवळ नेऊन सोडायचं. कन्सेशन, म्हणजे डीओसीचा व्यवसाय परवाना, असेल तर ते तिथे कायदेशीर आहे, पण मला डोंगर चढायचा होता. दुसऱ्याचे फोटो जबरदस्त होते, दोन-तीनदा खोदून विचारल्यावर कळलं की जागेला कुंपण आहे. हा प्रश्न प्रत्येकाने विचाराच, फ्री रेंज आहे का कुंपणातलं, आणि उत्तर लेखी घ्या, कारण वेबसाइटवरचा फोटो बघून डोंगर मोकळा आहे की मागे जाळी आहे हे कळत नाही. तिसरे हे आमचे. यांनी रेट सांगायच्या आधी ४० मिनिटांचा व्हिडिओ कॉल लावला आणि मलाच प्रश्न विचारले, गुडघे कसे आहेत, बर्फात चालला आहेस का, किती मीटरवर तुझा नेम पक्का आहे, आणि बुल, म्हणजे मोठा नर, नाही मिळाला तर तुला चालेल का. शेवटच्या प्रश्नाला मी हो म्हटल्यावरच त्यांनी तारखा दिल्या. मी तिथेच ठरवलं.

त्यांनी न विचारता कागद दाखवले हेही सांगायला हवं, डीओसीच्या जमिनीवर गाइडिंगसाठी लागणारं कन्सेशन आणि ज्या हाय कंट्री स्टेशनमधून, म्हणजे डोंगरातल्या मोठ्या खासगी फार्ममधून, वाट जाते त्याच्या मालकाची परवानगी. पैसे म्हणाल तर साडेसात हजार न्यूझीलंड डॉलर, त्यात ५ दिवस, एक बुल, हट, जेवण, त्यांची रायफल आणि टेकापोपासून पुढची ने-आण. अर्धे डिपॉझिट, ते परत मिळत नाही पण तारीख एकदा बदलून देतात. विमान, भाड्याची गाडी आणि टॅक्सिडर्मी, म्हणजे शिंगं-कातडं साफ करून टिकवायचं काम, वेगळं.

रायफलचं नीट समजून घ्या. स्वतःची न्यायची तर व्हिजिटर फायरआर्म्स लायसन्स लागतं आणि रायफल आत आणायचं परमिट, दोन्ही बरंच आधी करायचं, शिवाय एअरलाइनचे नियम वेगळे. मी नेली नाही. लायसन्सवाला माणूस तुमच्या अगदी शेजारी देखरेखीला असेल तर तुमच्याकडे तिथलं लायसन्स नसलं तरी चालतं, त्यामुळे गाइडचीच ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम वापरली. सायलेन्सर लावलेली होती, आमच्याकडे व्हिक्टोरियात त्याला बंदी आणि तिथे सर्रास वापरतात, धक्का खरंच कमी बसतो. पहिल्याच दुपारी त्यांनी ३०० मीटरवर टार्गेट लावून माझ्याकडून १५ बार काढून घेतले, आधी झोपून, मग सॅकवर टेकवून, मग उतारावर वाकडंतिकडं बसून. शेवटचे तीन इकडेतिकडे गेले तेव्हा गाइड शांतपणे म्हणाला, उद्यापासून आपली लिमिट २५०. मला पटलं.

जूनच का? ताहरचा माजाचा काळ साधारण मे ते जुलै, नराची आयाळ तेव्हाच पूर्ण भरलेली असते. पण दिवस जेमतेम ९ तासांचा, उजाडतं ८ वाजता, थंडी बेदम, आणि हिमप्रपाताचा धोका खरा असतो. रोज सकाळी ते अ‍ॅव्हलांच फोरकास्ट मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच कुठल्या बाजूने चढायचं ते ठरायचं. प्रत्येकाकडे लोकेटर बीकन होता.

तयारीबद्दल. मी ५ महिने आठवड्यातून तीनदा डँडेनाँगच्या थाउजंड स्टेप्सवर १५ किलोची सॅक घेऊन चढ-उतार केली, दोनदा माउंट फेदरटॉप केला, तरी पहिल्या दिवशी मांड्या भरून आल्या. कारण घसारा. आपल्या सह्याद्रीतल्या मंडळींनी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केला असेल तर कल्पना येईल, तसाच सुटा दगड, फक्त पाच पट लांब आणि वरच्या अर्ध्या भागात दगडांवर गोठलेलं बर्फ. चढताना दोन पावलं वर एक खाली. उतरताना गुडघे बोलतात. बूट अजिबात नवे नेऊ नका, कडक तळव्याचे आणि निदान ३ महिने वापरलेले न्या.

आणि ते बूट धुऊन, ब्रशने शिलाईतली माती काढून न्या आणि एअरपोर्टवर डिक्लेअर करा. न्यूझीलंडची बायोसिक्युरिटी फार कडक आहे, धोक्याची वस्तू डिक्लेअर केली नाही तर ४०० डॉलर दंड जागेवर. मी कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट सीलबंद नेलं, फॉर्मवर लिहिलं, त्यांनी बघितलं आणि सोडलं. इन्शुरन्सवाल्यांना फोन करून हंटिंग आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू कव्हर आहे का ते स्पष्ट विचारा, माझ्या नेहमीच्या पॉलिसीत हंटिंग वगळलेलं निघालं, वेगळी घ्यावी लागली. तिथे अपघातात जखमी झालात तर एसीसी म्हणून सरकारी योजना पाहुण्यांच्या उपचारांनाही मदत करते, पण आजारी पडणं किंवा घरी परत नेणं त्यात येत नाही.

आता डोंगरावरचे दिवस. क्राइस्टचर्चहून टेकापो ३ तास, तिथून फोर बाय फोरने नदीच्या पात्रातून हटपर्यंत. आपल्याकडच्या गोष्टीतल्यासारखा हाका नाही की मचाण नाही. शिकार म्हणजे ९० टक्के दुर्बीण. खाली बसायचं, स्पॉटिंग स्कोप लावायचा आणि समोरची आख्खी डोंगरबाजू इंच इंच वाचायची. दुसरा दिवस पूर्ण धुक्यात गेला, हटमध्येच बसलो, बाहेर ठेवलेल्या गेटर्सचे, म्हणजे बुटावरून पोटरीला बांधायच्या आवरणांचे, पट्टे केआ पोपटांनी कुरतडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी २४० मीटरवर एक बुल उभा होता, आयाळ वाऱ्यावर उडतेय, अंग बाजूने पूर्ण उघडं, मी सॅकवर रायफल टेकवून तयार, श्वास आवरलेला, आणि गाइडने हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नाही म्हणाला. बुलच्या खाली सरळ कातळ होता. तो म्हणाला, पडला की थेट दरीत जाईल, मांस हाती येणार नाही, शिंगं फुटतील आणि आणायला आपल्यातल्या कुणालातरी दोरावर लटकावं लागेल. आम्ही पाऊण तास वाट बघितली की तो सरकतोय का, नाही सरकला, उजेड जायला लागला आणि आम्ही उतरलो. त्या रात्री मी नाराज होतो हे खरं, हजारो डॉलर भरलेत आणि दोन दिवस उरलेत. पण झोपायच्या आधी मनाशी स्पष्ट झालं की मी पैसे याच हातासाठी दिलेत. गॅरंटीवाल्याकडे गेलो असतो तर तिथे नाही म्हणायला कोण होतं?

चौथ्या दिवशी अंधारातच निघालो, साडेतीन तास चढून एका धारेच्या पाठीमागे पोचलो. खालच्या गवताळ बाकावर ७ माद्या आणि दोन नर. गाइडने स्कोपमधून जवळजवळ अर्धा तास नुसतं वय बघितलं, मोठ्या आयाळीचा होता तो तरुण निघाला, मागचा मळकट दिसणारा म्हातारा. २१० मीटर, एक बार, बुल जागेवर बसला. जवळ गेल्यावर माजाचा असा उग्र वास की डोळ्यात पाणी यावं. शिंगावरची वर्षांची वलयं त्याने माझं बोट धरून मोजायला लावली, ९ भरली. मी तिथे काही वेळ नुसता बसून राहिलो, त्याच्या कपाळावर हात ठेवून, तुंगनाथचा कळप आठवला. दोघं नवरा-बायको कुणीच घाई केली नाही, फोटोसाठी आवाज दिला नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली.

मग दोन तास कापाकापी, मागचे पाय, पाठीच्या पट्ट्या, सगळं तिघांच्या सॅकमध्ये वाटून खाली. रात्री मी मटण केलं, कुकर नव्हता, बिडाच्या भांड्यात ३ तास शिजवलं, रस्सा दोघांनीही दुसऱ्यांदा मागून घेतला. मांस मी घरी आणलं नाही, ऑस्ट्रेलियाच्या बायोसिक्युरिटीची भानगड नको म्हणून, त्यांच्याकडेच ठेवलं.

तक्रारी आहेत त्याही सांगतो. सामानाची यादी फक्त ३ आठवडे आधी आली, ती बुकिंग केल्यावर लगेच यायला हवी होती कारण बूट वेळ खातात. त्यांनी दिलेले क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली लावायचे काटे, माझ्या बुटाला नीट बसले नाहीत, पहिली सकाळ अ‍ॅडजस्ट करण्यात गेली, तर बुटाचा सोलचा साइझ आधीच कळवा. ईमेलला उत्तर यायला चार-पाच दिवस लागतात कारण ते डोंगरात असतात, पण आधी सांगत नाहीत, मला एकदा वाटलं डिपॉझिट बुडालं. जेवण भरपूर पण अगदीच सपक, मसाला नेलाच पाहिजे. पूर्ण शाकाहारी माणसासाठी आधीच बोलून घ्या, त्यांच्याकडे चीज आणि बटाट्यापलीकडे फारसा विचार दिसला नाही.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा त्या यादीचा आणि ईमेलचा कापला.

भारतातून येणाऱ्यांसाठी एक, शिंगं किंवा कातडं भारतात न्यायचा विचार सोडूनच द्या, वन्यजीवांच्या अवयवांच्या आयातीला बंदी आहे. माझं कवटीसकट शिंग तिथल्याच टॅक्सिडर्मिस्टकडे साफ होतंय, कागदपत्रांसकट येईल तेव्हा इथे डिक्लेअर करूनच सोडवीन.

पुढच्या मे महिन्याचं बुकिंग केलंय, पुन्हा त्यांच्याकडेच. या वेळी तुंगनाथवाला मित्र पुण्याहून येतोय, त्याला बंदुकीला हात लावायचा नाहीये, फक्त बघायचंय, आणि गाइडने नॉन-हंटर म्हणून त्याला निम्म्याहून कमी रेट लावलाय. त्याचा व्हिसा अर्ज या आठवड्यात भरतोय, दुर्बीण तो तीच जुनी आणणार आहे.