लाइन आधी की लोकल? ठाणे-नवी मुंबईत ट्रक चालवायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

नव्या ड्रायव्हरला कळंबोलीत किंवा भिवंडीत एक सल्ला हमखास मिळतो: आधी वर्ष-दोन वर्षं लाइनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या खेपांवर जा, हात बसू दे, मग घराजवळचं लोकल काम बघ. माझं मत याच्या उलट आहे, पण सगळ्याच गाड्यांसाठी नाही. गाडी कुठली, हे आधी ठरवा. तेवढाही विचार न करता घर सोडून इंदूर-नागपूरच्या खेपा धरणारी विशीतली मुलं बघितली की काळजी वाटते.

कायद्याने लाइनचा अनुभव कुठेच मागितलेला नाही. मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी वय २० पूर्ण लागतं, आणि ट्रकच्या शिकाऊ परवान्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना हवा. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला दिलेला निकाल तर नव्या माणसासाठी फारच महत्त्वाचा आहे: माल धरून एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. छोटा हत्ती, पिकअप, टाटा ४०७ या मर्यादेत येतात. चौदा फुटी आयशर काही येतात, काही नाही. किल्ली हातात घेण्याआधी आरसी बुकातलं वजन वाचा.

अमेरिकेत लोकल नोकरीआधी लांब पल्ल्याचा अनुभव मागतात, त्यामागे मुख्यतः विमा आहे. तिथल्या विमा कंपन्या नवखा ड्रायव्हर सहसा स्वीकारत नाहीत, आणि नवख्यांना घेऊन शिकवणाऱ्या कंपन्या बहुतेक लांब पल्ल्याच्या असतात. आपल्याकडे अपघातानंतर पहिला प्रश्न येतो तो परवाना त्या गाडीचा होता का, हा. म्हणून परवान्याच्या बाबतीत मालकाच्या 'चालतंय रे'वर कधीच जाऊ नका.

आता कामाचं. लाइनवर तुम्ही गाडी पळवायला आणि सांभाळायला शिकता. कसारा घाट किंवा बोरघाट भरल्या गाडीने उतरताना खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर वेग रोखणारा), आणि पायाचा ब्रेक जपून. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की इंजिनाची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर धरत नाहीत. रात्रीची झोप ओळखणं, टायर हाताने तपासणं, ताडपत्री-रस्सा घट्ट बांधणं, हे सगळं लाइन शिकवते. ही शिकवणी खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही.

पण लोकलला लागतं ते वेगळंच. रबाळे-पावण्याच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असताना कारखान्याच्या गेटात गाडी उलटी घालायची. मानकोलीच्या गोदामात डॉकला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला सरळ लावायची, मागे हमाल उभे असताना. पहाटे तुर्भ्याच्या बाजार समितीत रांगेतून वाट काढायची. ठाण्यात अवजड गाड्यांना ठरावीक वेळीच प्रवेश असतो. ती वेळ चुकली तर गाडी रस्त्याकडेला उभी आणि अख्खा दिवस वाया. वर पोच पावतीवर सही-शिक्का, माल कमी भरला तर मुकादमाशी बोलणं. लाइनच्या ड्रायव्हरला अख्ख्या खेपेत रिव्हर्स दोन-चारदा घ्यावा लागतो, लोकलवाल्याला प्रत्येक ठिकाणी. हे लोकलमध्येच शिकता येतं आणि छोट्या गाडीवर शिकलात तर चूक झाली तरी नुकसान थोडक्यात भागतं.

अपवाद बंदराचा. न्हावा शेवा ते द्रोणागिरी-उरणच्या कंटेनर यार्डांची फेरी अंतराने लोकल, पण हातात चाळीस फुटी ट्रेलर. मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि एकदा ट्रेलर पुढच्या गाडीशी घडी पडल्यासारखा आडवा वळला की सरळ करायला जागा मिळत नाही. दहा टायरी गाडीवर लाइन मारून हे येत नाही. यासाठी उस्तादाच्या शेजारी काही महिने बसण्याला पर्याय नाही, मग तो लाइनचा असो की बंदराचा.

पैशांत लाइन वरचढ वाटते, कारण पगारावर खेपेचा भत्ता मिळतो. त्यातून बाहेरचं जेवण, अंघोळ, कधी पंक्चर वजा करून मगच बेरीज करा. लोकलमध्ये पगार महिन्याचा की फेऱ्यावर, हे आधी विचारा. फेऱ्यावर असेल तर शीळफाट्याची कोंडी तुमच्या खिशातून जाते.

तासांचं तर मोठं दुखणं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेने जागा घेईपर्यंत १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती होती. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तो लागू होता. मालासोबतच्या जीएसटीच्या ई-वे बिलालाही दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. म्हणजे कागद घाई करत नाहीत, घाई पार्टीची, म्हणजे माल पाठवणाऱ्याची असते. नवा ड्रायव्हर 'नाही' म्हणायला कचरतो आणि रात्रभर ओढतो. लोकलमध्येही बारा तास भरतात, पण निदान झोप घरच्या अंथरुणावर होते.

तेव्हा साडेसात टनांच्या आतली गाडी असेल तर थेट लोकल धरा, लाइनची वाट बघू नका. दहा-बारा टायरी चालवायची असेल, तर लोकलमध्ये आरसा आणि रिव्हर्स पक्का झाल्यावर जोडीला दुसरा ड्रायव्हर असलेल्या गाडीवर लाइनला जा. पावसाळ्यात पहिला घाट नको. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर लाइनचा विचार सध्या बाजूला ठेवलेला बरा. तळोज्याच्या रसायनांच्या टँकरसाठी वेगळं प्रशिक्षण आणि परवान्यावर वेगळी नोंद लागते, ती नसताना कोणी बसवत असेल तर उतरा.

लाइनला जाणारच असाल तर गाडी कधीची, हेही विचारा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे, त्याआधीच्यांना नाही. मे महिन्यात धुळ्याकडे जाताना तो फरक अंगाला कळतो.