महात्मा फुले जन आरोग्य योजना : अप्पांच्या अँजिओप्लास्टीचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात अप्पांना अटॅक आला तेव्हा आईने पहिलं काय केलं तर कपाटातून पाटल्या काढून रुमालात बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या, म्हणाली असू दे जवळ, कमी पडले तर. मेडिक्लेम काढलेला नव्हता, एजंटकडे दोनदा चौकशी केली होती पण अप्पांचं वय आणि शुगर ऐकून प्रीमियम एवढा सांगितला की राहूनच गेलं.

जिल्ह्याला नेलं तर तिथे काउंटरवर आधी २० हजार डिपॉझिट मागितलं, हे चूक आहे, योजनेच्या पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन लावतो म्हटल्यावर गप्प बसले. तुम्ही गेलात तर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं टेबल शोधा. केशरी रेशनकार्ड आणि आधार दाखवलं, इमर्जन्सी म्हणून तिथल्या आरोग्यमित्र ताईंनी फोनवरच मंजुरी घेतली, खरंच देवासारख्या धावल्या. अँजिओप्लास्टी, स्टेंट, तपासण्या, औषधं, अप्पांचं जेवण सगळं योजनेतून. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतच मिळायचे, १ जुलै २०२४ पासून ५ लाख केलेत आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही घेतलंय, तेव्हा आपल्याला कुठे मिळणार असं धरून बसू नका.

कमी काय, तर डिस्चार्जनंतर १० दिवसांपुढची औषधं आपल्या खिशातून. रोजच्या गोळ्यांचा खर्च आमच्यासारख्यांना जड जातो, त्याचं काहीतरी करायला हवं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी अप्पा डोळे मिटून पडले होते, मला वाटलं झोपलेत, तर हळूच म्हणाले, ओढ्याकडचं अर्धा एकर विकायला काढूया. बिल शून्य आहे हे तीनदा सांगितलं तेव्हा कुठे पटलं, आणि मग जे झोपले ते संध्याकाळपर्यंत. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात २००८ साली चिठ्ठ्या काढून गरिबांना सरकारी विमा दिला होता, पहिल्या दोनेक वर्षांत ब्लडप्रेशर, शुगरमध्ये फारसा फरक दिसला नाही पण डिप्रेशन आणि पैशाची ओढाताण बरीच कमी झाली. हे वाचलं तेव्हा मला अप्पांची ती झोप आठवली.

आधी दुखणं अंगावर काढायचे, आता जरा छातीत भरून आलं तरी हाक मारतात. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्सची पिशवी दाराशेजारच्या खिळ्याला लावून ठेवलीय त्यांनी. आईच्या पाटल्या परत कपाटात.

५ पैकी ४ स्टार.